ह्याच्याबरोबर काय नांदेल?

रत्नागिरीत माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतं. पहिला किमतीचा. दुसरा, ‘ह्याच्याबरोबर काय सोडू?’ किंमत टाकीवर चिकटवलेली असते. दुसऱ्या प्रश्नाला कधी दहा मिनिटं जातात, कधी अर्धी दुपार, आणि बोट ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न माशाकडे असलं तर माझं उत्तर सहसा कोणाला आवडत नाही. लोकांना वाटतं, हा प्रश्न काचेच्या टाकीबरोबरच आला, मुंबईहून, थर्माकोलच्या खोक्यातून. तसं नाही. दांडगट माशाच्या जोडीला कोण द्यायचं, याचा विचार कोकणात काच येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे. फक्त तेव्हा जोडीला सोडलेला मासा जगावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

माझं आजोळ अलिबागकडच्या खारेपाटातलं. खाडीच्या भरतीपुढे मातीचे बांध घालून काढलेली भातखाचरं, पाणी आत-बाहेर करायला बांधात ठेवलेल्या उघाड्या, आणि घराशेजारी किंवा शेताच्या कोपऱ्यात खणलेलं तळं, अशी तिथल्या गावांची ठेवण. शहापूर-धेरंडच्या पट्ट्यात अशी तळी आजही दिसतात. आणि तळं म्हटलं की त्यात जिताडा.

जिताडा वाढतो नदीत, खाडीत. अंडी घालायला मात्र उतरतो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, पावसाळ्याच्या सुमारास. पिल्लं भरतीबरोबर परत आत येतात आणि खारफुटीत, ओहोळात, तुंबलेल्या खाचरात शिरतात. उधाणाच्या दिवसांत उघाडीपाशी ती सापडत. बारीक जाळीने ती धरायची, हंड्यात घालायची आणि तळेवाल्यांना नगावर विकायची, हा काही जणांचा पावसाळी धंदाच होता. घेणारा भावावर फारशी घासाघीस करत नसे. त्याचं लक्ष मापावर.

मामा हंडा ओट्यापाशी उतरवून घ्यायचा आणि पिल्लं पसरट घमेल्यात ओतायचा. करंगळीच्या पेराएवढी पिल्लं, अंगावर काळपट पट्टे, कपाळ वरून घसरल्यासारखं, आणि तोंड अंगाच्या मानाने मोठं, डोळ्याच्याही मागे गेलेलं. मामा वाकून बघायचा आणि जी दोन-चार पिल्लं बाकीच्यांपेक्षा अंगाने भरलेली असतील ती ओंजळीने बाजूला काढायचा. ती सगळ्यात तरतरीत दिसत, म्हणून मला वाटे तीच आधी तळ्यात सोडावीत. मामा ती परत देऊन टाकी, नाहीतर वेगळ्या डबक्यात सोडी. ‘ही का नको?’ विचारलं तर म्हणे, ‘ही भावकी खाऊन वाढलेली. तळ्यात पण तेच करतील.’

तो म्हणत होता ते पुढे मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत वाचायला मिळालं. जिताड्याचं पिल्लू आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंड गिळतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडने जिताड्याची पैदास बंदिस्त पाण्यात करून दाखवली. आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेला ते १९९७ साली जमलं. दोन्हीकडे बीज हाती आल्यावर पहिला धडा तोच मिळाला. दर थोड्या दिवसांनी पिल्लं मापानुसार निवडून वेगळी केली नाहीत, तर हजारांची शेकड्यात येतात, आणि टाकीत एकही मेलेला मासा दिसत नाही. मामाकडे प्रयोगशाळा नव्हती, घमेलं होतं.

तळ्यात जिताड्याच्या आधी बाकीची मंडळी जायची. बोयची पिल्लं, कोळंबी, खाचरातले बारीकसारीक मासे. ही मंडळी आधी सोडायची, त्यांना वाढू द्यायचं, वीण होऊ द्यायची, आणि मग जिताडा. उलट केलं तर पहिल्या महिन्यातच तळं रिकामं आणि जिताडा उपाशी. पुढे चिलापी आली. हा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ साली आणला गेला, आणि त्याची वीण इतकी बेसुमार निघाली की सात वर्षांनी सरकारी समितीलाच नवीन पाण्यात तो सोडू नका असं म्हणावं लागलं. तळेवाल्यांना मात्र तेच हवं होतं. आग्नेय आशियातल्या जिताडा-शेतीत आज हीच पद्धत रीतसर शिकवतात. आधी चिलापीचे नर-माद्या सोडा, महिना-दोन महिने विणू द्या, तळं पिल्लांनी भरलं की जिताडा सोडा.

खाणंही ऐकण्यासारखं असे. संध्याकाळी तळ्याच्या काठावर उभं राहिलं की ‘ठप्’ असा आवाज येई. जिताडा भक्ष्याचा चावा घेत नाही. झटक्यात तोंड उघडतो आणि पाण्यासकट मासा आत ओढतो. म्हणून त्याच्या बाबतीत एकच हिशोब पुरतो. तोंडात मावतो का? मावला तर चारा, नाही मावला तर जिताड्याच्या लेखी तो मासा नाहीच. मामा नवीन मासा हातात धरून त्याची लांबी कधी बघत नसे. पोटापासून पाठीपर्यंतची उंची बघे. बोय लांबट, सळसळीत, डोक्याकडून सरळ आत जातो. आडव्या अंगाचा, ताटलीसारखा मासा त्याच लांबीचा असला तरी घशाशी अडतो.

असा पोसलेला जिताडा गावात विकला जाई तो वेगळा आणि साहेबाच्या घरी पोचता होई तो वेगळा. कचेरीत अडकलेला कागद एका जिताड्याने हलला, अशा गोष्टी खारेपाटात चवीने सांगतात. त्यातल्या किती खऱ्या, कोण जाणे. पण माझ्या आजोळी सगळ्यात मोठा मासा घरच्या ताटात क्वचितच पडला, एवढं खरं. आणि तो मोठा मासा बहुधा मादी. जिताडा जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी, अंगाने पुरेसा वाढला की, मादी होतो. मामाला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की तंबाखू खाली पडली.

जुन्या लिखाणातही माशाच्या पोटाचाच विचार जास्त आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या सोमेश्वर तिसऱ्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण आहे. मासे समुद्राचे कोणते, नदीचे कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते आणि कोणाला काय खाऊ घालून पुष्ट करायचं, हे राजाने हौसेने नोंदवलं. सुंदरलाल होरांनी ते प्रकरण विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञांपुढे आणलं. राजाला मासा गळाला लावायचा होता. त्याच्या शेजारी कोण सुखाने राहील, ही पंचाईत त्याला पडायचं कारण नव्हतं.

ती पंचाईत काचेने आणली. तळ्यात दोन मासे भांडले तर एक दुसऱ्या काठाला जातो आणि प्रकरण मिटतं. गढूळ पाण्यात हातभरावरचं दिसत नाही. काचेत दुसरा काठ नाही, पाणी स्वच्छ, आणि वर दिवा. शिवाय बघायला माणूस बसलेला, त्याला सकाळी सगळे मासे मोजून हवेत.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० साली काचेच्या भांड्यात पाणवनस्पती आणि दोन गोल्डफिश ठेवून पाणी न बदलता ते टिकवून दाखवलं. वनस्पतींची पानं कुजायला लागली, काचेवर शेवाळ धरलं, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला साफ केला, वर त्यांची अंडी माशांना खायला झाली. तीन वर्षांत रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. वॉरिंग्टनच्या भांड्यात भांडखोर कोणी नव्हतं, म्हणून सगळं गोडीगुलाबीने चाललं. त्या भांड्यातल्या गोगलगाईकडे मी पुढे परत येणार आहे.

आपल्याकडे मुंबईत चर्नी रोडला समुद्रासमोर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली झालं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. एका पारशी दानशूराने दिलेली दोन लाखांची देणगी त्यात होती. रत्नागिरीला झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आलं १९५८ साली. सुरुवातीला ते मत्स्यखात्याचं होतं. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झाल्यावर विद्यापीठाकडे गेलं. तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालय म्हणजे जिल्ह्यातल्या शाळांच्या सहलीचा ठरलेला मुक्काम. पोरं आधी पळतात ती देवमाशाच्या सुमारे पंचावन्न फुटी सांगाड्याकडे. मी पळायचो उलट दिशेला, जिवंत माशांकडे. एकेका टाकीत कोण कोणाबरोबर ठेवलंय आणि कोण एकटा आहे, हे बघत उभं राहायची मला खोडच लागली होती.

खाऱ्या पाण्याच्या टाक्यांपुढे उभं राहिलं की कळतं, त्रास देणारे मासे दोन जातींचे. एक गिळणारे, दुसरे भांडणारे. गोब्रा गिळणारा. भगवतीच्या कड्याखालच्या खडकांत कपारीत बसून राहतो, समोरून गेलेलं मावलं तर गेलं, नाही मावलं तर ढुंकून बघत नाही. लायनफिश तसाच. पाठीवर विषारी काटे, दिसायला नवरीसारखा नटलेला, भांडण म्हणून कोणाशी करत नाही, फक्त रात्रीतून लहान शेजारी कमी होतात. याच्या उलट डॅमसेल. बोटाएवढा मासा, कोणाला गिळण्याची ताकद नाही, पण आपला दगड म्हटला की दहापट मोठ्याच्या अंगावर धावतो. ट्रिगरफिश दुसऱ्याचे पर कुरतडतो. गिळणाऱ्याला माप लावता येतं. भांडणाऱ्याला मामाचा हिशोब लागू पडत नाही. त्याला जागा, आडोसा आणि दृष्टिआड होण्याची सोय लागते.

गोब्र्यावरून आठवलं. त्याच्या कुळातला सगळ्यात दांडगा, माणसाहून लांब वाढणारा राक्षसी गोब्रा २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, समुद्रघोडेही त्याच वर्षी. म्हणजे जाळ्यात आले तरी आणून टाकीत ठेवायचे नाहीत. मिरकरवाड्याहून अजूनही कधीतरी एखादा पोरगा बाटलीत समुद्रघोडा घालून दुकानात आणतो. त्याला आल्या पावली परत पाठवतो.

आमचं दुकान मुळात माशांचं नाही. वडील काचकाम करायचे, तसबिरी, आरसे, खिडक्यांची तावदानं. काचेच्या टाक्या ते बनवायचे त्या लोखंडी अँगलच्या सांगाड्यात, काचेच्या कडेला लांबी भरून. लांबी वाळली की तडकायची, टाकी हलवली की झिरपायची, आणि आमच्या खाऱ्या हवेत अँगल दोन पावसाळ्यांत फुगून यायचा. सिलिकॉन आलं तेव्हा बाबांनी पहिली सगळी-काचेची टाकी जोडली आणि ती भरायला तयारच होईनात. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. अडीचशे लिटर पाणी, म्हणजे अडीचशे किलो, नुसत्या डिंकासारख्या दिसणाऱ्या एका रेघेवर. ती टाकी भरून झाल्यावर आमच्याकडे मोठ्या माशांचा विषय सुरू झाला. तोवर लहान टाक्या, म्हणून गप्पी, मोली, एंजल, गोल्डफिश.

माल मुंबईहून यायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, तोंड रबराने आवळलेलं, पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, आणि खोका रात्रीच्या एसटीत. घाटात बस अडकली की खोक्याचं काय होणार, हे सांगायला नको. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली आणि मोठे मासे जिवंत येण्याची शाश्वती वाढली. मोठ्या माशाला पिशवीतही एकट्याने पाठवावं लागतं. त्याची संगतीची भानगड प्रवासापासूनच सुरू होते.

ऑस्कर याच वाटेने आला. दक्षिण अमेरिकेतला, अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. शास्त्रात त्याची नोंद १८३१ सालची, लुई अगासीची. स्पिक्स आणि मार्टियस हे निसर्ग अभ्यासक ब्राझीलमधून मासे घेऊन परतले, स्पिक्स वारले, आणि नमुन्यांचं काम तरुण अगासीच्या हाती आलं. मासा कुठला याची चिठ्ठी चुकलेली. अगासीने तो अटलांटिक समुद्रातला धरून समुद्री माशांच्या कुळात बसवला. शेपटीच्या मुळाशी नारिंगी कडं असलेला काळा ठिपका, लांबून डोळ्यासारखा. पिरान्हा शेपटीचे लचके तोडतात, त्यांना डोकं कोणतं आणि शेपूट कोणती कळू नये म्हणून तो असावा, असं काही अभ्यासक मानतात. जांभ्यातल्या विहिरीचं मऊ पाणी ऑस्करला मानवतं. शीळ धरणाचं नळाचं पाणी क्लोरीन उडवून घातलं तरी चालतं. पाण्याची तक्रार त्याने कधी केली नाही. तक्रार शेजाऱ्यांबद्दल.

ऑस्कर गिळणाराही आहे आणि भांडणाराही. दुकानात तो तीन इंचाचा, डोळे फिरवून माणूस ओळखणारा, हातातून दाणा घेणारा. वर्षभरात दहा इंचांचा होतो, आणि तेव्हा त्याच्याबरोबर घेतलेली निऑनची टोळी कुठे गेली, असं गिऱ्हाईक मलाच विचारायला येतं. मामाचा हिशोब इथवर पुरतो. आत्ताचं तोंड बघायचं नाही, वर्षानंतरचं बघायचं.

पण मावत नाही तो शेजारी सुखरूप, असंही नाही. माझ्या दुकानातल्या चार फुटी टाकीत दोन ऑस्कर सारख्या मापाचे, एका खोक्यातून आलेले. आधी दोघं समोरासमोर उभे राहिले, गालाची झाकणं फुगवून. रंग काळाकुट्ट, मधले नारिंगी डाग विस्तवासारखे. मग शेपटीने एकमेकांवर पाणी मारलं, नुसतं पाणी, अंगाला अंग न लावता. मग एकदम तोंडात तोंड अडकवलं आणि दोघं टाकीभर एकमेकांना ढकलत सुटले. खालचे खडे उडून काचेवर वाजत होते. सुटले तेव्हा एकाच्या ओठाची साल लोंबत होती. तो कोपऱ्यात गेला, रंग फिका केला आणि तिरका झाला. हार मानली. नदीत एवढ्यावर मिटलं असतं, कारण हरलेला निघून गेला असता. टाकीत तो पुन्हा दिसतो, म्हणून जिंकलेला पुन्हा येतो. मारा जीव घेईपर्यंत चालतो तो यामुळे. जिंकणाऱ्याच्या दुष्टपणामुळे चालतो असं मला वाटत नाही.

मी काचवाल्याचा मुलगा, म्हणून मधे काच घातली. साध्या काचेने भागलं नाही. दोघं दिवसभर तिच्यावरच धडका देत राहिले. एका बाजूने काळा कागद लावला तेव्हा शांत झाले. त्यानंतर दुकानात आडकाचा कापून ठेवायला लागलो, खालून वरून बोटभर फट ठेवून, म्हणजे पाणी फिरतं आणि नजर अडते.

बाकीचे आडाखे या धंद्यातल्या सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच. दांडगा मासा टाकीत सगळ्यात शेवटी सोडायचा. तो आधीपासून असेल तर नवीन आणताना दगड-लाकडं उचलून दुसरीकडे मांडायची आणि दिवा घालवायचा, म्हणजे जुन्याची हद्द पुसली जाते आणि दोघंही नवखे होतात. सोबती त्याच्या रंगा-रूपाचा नको. सारखा दिसणारा त्याला हक्काचा वाटेकरी वाटतो. चपळ आणि उंच अंगाचे, घोळक्याने फिरणारे चालतात, सिल्व्हर डॉलर, टिनफॉइल बार्ब. घोळका निर्धास्त पोहताना दिसला की ऑस्करही दडून बसत नाही, आणि राग आलाच तर तो एकावर साचत नाही, पाच-सहा जणांत वाटला जातो. तळाला सकर, पण तोही मोठाच. छोटा सकर ऑस्करने तोंडात घेतला तर सकर आपले काटे ताठ करतो, घशात अडकतो, आणि दोघंही मरतात. चार फुटांत एवढी वऱ्हाडी मंडळी मावत नाहीत. म्हणून चार फुटांत ऑस्कर एकटा, किंवा लहानपणापासून जमलेली जोडी. इथेच गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं.

मौज म्हणजे ऑस्करचं कूळ आपल्या खाडीतही आहे. भाट्याच्या, काळबादेवीच्या खाडीतला कालुंदर त्याच कुळातला, आडव्या अंगाचा, नर-मादी मिळून पिल्लं राखणारा. केरळ-श्रीलंकेकडे त्याचा एक छोटा नारिंगी भाऊबंद आहे. तो कालुंदराच्या अंगावरचे किडे वेचून खातो, आणि संधी मिळाली तर त्याचीच अंडीही पळवतो. संशोधकांनी हे दोन्ही बघून नोंदवलं आहे. आमच्याकडे कालुंदराला टाकीत ठेवायचं कोणाच्या मनात येत नाही, तो कढईतलाच.

मग आली फ्लॉवरहॉर्नची लाट. हा मासा कुठल्या नदीत नाही; मलेशियात १९९०च्या दशकात वेगवेगळ्या अमेरिकन माशांचे संकर करून तो घडवला. कपाळावर मोठा उंचवटा, अंगावर काळ्या खुणा, त्यांत चिनी अक्षरं वाचणारे वाचतात आणि भाग्य उजळतं म्हणतात. रत्नागिरीतही बिल्डरच्या ऑफिसात, सोनाराच्या पेढीवर, नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये तो बसला. त्याला सोबती लागत नाही, हे त्याच्या मालकांना पटायला वेळ लागला. एवढी महाग टाकी आणि आत एकच मासा, हे बघवत नसे. पण फ्लॉवरहॉर्न काचेबाहेरच्या माणसाशीच वैर धरतो आणि माणसाशीच खेळतो. त्याला दुसरा मासा देणं म्हणजे त्या माशाला शिक्षा. मी त्या काळात फ्लॉवरहॉर्नसाठी सोबती विकायचं बंदच केलं. माझा धंदा त्यात थोडा बुडाला; समोरच्या गल्लीतून लोक घेऊन गेले आणि मेलेले मासे दाखवायला माझ्याकडे आले.

दांडगेपणाच्या हौसेने फसवाफसवीही आणली. पोट लाल दिसलं की ‘पिरान्हा’ म्हणून खपवलेली पिल्लं बहुतेक रूपचंदाची. रूपचंद २००३-०४च्या सुमारास बांगलादेशमार्गे चोरवाटेने भारतात शिरला, आता मासळीबाजारात राजरोस विकला जातो. त्याचे दात बघितले तर माणसाच्या दाढांसारखे सपाट, फळं-बिया फोडायला. ज्याच्या टाकीत ‘पिरान्हा’ आहे म्हणून शेजारपाजारची पोरं बघायला येतात, त्याला मी हे सांगत नाही. त्याने विचारलं तरच सांगतो. थाई मागूर मात्र मी दुकानात घेत नाही. सरकारने त्याच्या पालनावर २००० सालीच बंदी घातली, आणि तो टाकीतून नदीत गेला तर तिथलं सगळं खाऊन टाकतो.

टाकीत न जुळलेला सोबती कुठे जातो, हा या इतिहासातला वाईट भाग. उजनी धरणाच्या पाण्यात आज कोळ्यांच्या जाळ्याला सकर लागतात, जाळी फाडतात, विकले जात नाहीत. ते तिथे आकाशातून पडले नाहीत. कोणाच्या तरी हॉलमध्ये फूटभराचे झाले, आणि मालकाने पुण्य समजून पाण्यात सोडले. आमच्या नद्या लहान, सह्याद्रीवरून उतरून दोन-तीन तासांच्या वाटेवर समुद्राला मिळणाऱ्या. काजळीत किंवा मुचकुंदीत असं काही रुजलं तर लपून राहणार नाही. म्हणून नको झालेला मासा मी परत घेतो, पैसे न देता.

२०१७च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम काढले. गोल बरणीत मासा ठेवायला मनाई, आणि १५८ जातींच्या विक्रीवर बंदी. धंद्यात बोंब झाली, आणि काही महिन्यांत नियम मागेही घेतले गेले. बरणीचं कलम राहिलं असतं तर मला आनंद झाला असता.

त्याच वर्षी राज्याच्या कांदळवन कक्षाने खाडीकाठच्या गावांसाठी उपजीविका योजना आणली. खेकडेपालन, शोभिवंत मासे, आणि खाडीत तरंगत्या पिंजऱ्यांतलं मत्स्यपालन. पिंजऱ्यात मुख्यतः जिताडा. बीज आता उघाडीपाशी धरावं लागत नाही, उबवणकेंद्रातून पिशवीबंद येतं, माझ्या ऑस्करसारखंच. माझ्याकडे या योजनेच्या एका गटातल्या दोन बायका आल्या त्या मासा घ्यायला नव्हेत, झोळण्या घ्यायला. पिल्लं मापानुसार निवडायला त्यांना बारीक जाळीच्या झोळण्या हव्या होत्या. निवड कशी करता विचारलं तर एकीने सांगितलं ते मामाचंच घमेलं, फक्त प्लॅस्टिकचं.

मग तिने तो प्रश्न काढला. पिंजऱ्याच्या जाळीवर शेवाळ धरतं, भोकं बुजतात, पाणी आत-बाहेर होत नाही, आणि दर काही दिवसांनी जाळी घासण्यात जीव मेटाकुटीला येतो. ‘काका, आत कालुंदर सोडले तर?’ कालुंदर शेवाळ खातो, हे खाडीकाठच्या बाईला मी सांगायला नको. वॉरिंग्टनच्या गोगलगाईचंच काम, पण इथे शेजारी गोल्डफिश नाही, जिताडा आहे.

मी तिला विचारलं, तुमचा जिताडा आत्ता केवढा? तिने वीतभर दाखवला. मग घरी जाऊन त्यातला एक उचला, म्हटलं, तोंड उघडून आतली रुंदी बोटांनी मोजा, चार महिन्यांनी ती केवढी होईल याचा अंदाज धरा, आणि त्याहून उंच पाठीचा कालुंदर मिळतो का ते पाटीवर बघा. वहीत लिहून घ्यायला तिने माझ्याच बिलबुकाचं एक पान फाडलं.